सामायिक दप्तराचा अखत्यार

जून महिन्यात शाळा उघडल्या की पटनोंदणी, गणवेश, पाठ्यपुस्तके, शिष्यवृत्ती आणि आधार-जोडणी ही सगळी कामे एकदम मुख्याध्यापकाच्या टेबलावर येऊन पडतात, आणि त्याच सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांच्या मोबाईलवर, बहुधा शाळा सुटल्यानंतरच्या वेळी, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून निळ्या अक्षरांची एक लिंक येते. तिच्याखाली 'अति तातडीचे, आजच माहिती भरावी' एवढाच मजकूर असतो. त्या लिंकवर बोट ठेवताच संपूर्ण केंद्रातील, कधी कधी संपूर्ण तालुक्यातील, शाळांचा एक विस्तीर्ण तक्ता डोळ्यांपुढे उघडतो. त्यात एकाच क्षणी अनेक माणसे लिहीत असतात, कोणाचा मजकूर कोणाच्या ओळीत जाऊन पडतो, कोणी एकच स्तंभ निवडून त्याची अकारविल्हे मांडणी करतो आणि त्यासरशी एका मुलाचे नाव दुसऱ्या मुलाच्या बँक खात्यासमोर जाऊन बसते, आणि रात्री पुन्हा सूचना येते की तक्ता बिघडला असून सर्वांनी माहिती नव्याने भरावी.

हा त्रास लहान नाही. शिकविण्याचा वेळ त्यात जातो, आणि ज्यांचा वेळ जातो त्यांना त्याची तक्रार करावयास जागा नसते. परंतु त्या तक्त्याकडे दुसऱ्या एका दृष्टीने पाहिले म्हणजे त्रासाहून अधिक गंभीर अशी गोष्ट दिसू लागते. एका मुख्याध्यापिकाबाईंनी असा एक तक्ता मला उघडून दाखविला. त्यात मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक आणि बँक खात्याचा क्रमांक असे स्तंभ होते. हा तक्ता कोण कोण पाहू शकते, असे विचारताच बाईंनी केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रातील इतर मुख्याध्यापक एवढी नावे सांगितली. मग 'शेअर'चे बटण दाबून पाहिले, तेव्हा तेथे नावांची यादी नव्हतीच; ज्याच्याजवळ लिंक आहे तो कोणीही, आणि तोही 'एडिटर' म्हणजे लिहिण्याच्या व खोडण्याच्या पूर्ण अधिकारासह, अशी नोंद होती. तक्त्याचा मालक म्हणून जे खाते दिसत होते ते कोणाचे, हे बाईंना आठवेना. चौकशीअंती ते कार्यालयातील एका कंत्राटी संगणक-चालकाचे निघाले, आणि त्याची नेमणूक संपून बराच काळ लोटला होता. तक्ता मागल्या वर्षाचा होता. त्याचे काम केव्हाच आटोपले होते, तरी तो उघडाच होता.

त्या तक्त्यात मालक होता, संपादक होते, नुसते पाहणारेही असतील. परंतु ज्या मुलांची नावे त्यातील ओळींत होती, त्यांना आणि त्यांच्या आईबापांना त्यात कसलेच स्थान नव्हते. सामायिक तक्त्यांच्या अखत्याराविषयी जे काही लिहिले जाते ते बहुधा तक्ता वापरणाऱ्यांच्या सोयीगैरसोयीविषयी असते. माझे म्हणणे असे आहे की या विषयाचा विचार ओळीतल्या माणसापासून सुरू केला पाहिजे. कारण तक्ता बिघडला तर वापरणाऱ्याचा एक दिवस जातो, पण तक्ता फुटला तर त्याचे परिणाम ओळीतल्या माणसाला, कित्येकदा जन्मभर, भोगावे लागतात, आणि त्या माणसाच्या वतीने दाराशी उभे राहण्यास नावानिशी कोणीतरी जबाबदार असल्यावाचून कुलपांची कितीही सोय केली तरी ती पुरी पडत नाही.

सामायिक लेखनाची कल्पना संगणकाच्या जगात फार जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील एका परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी जे प्रात्यक्षिक दाखविले, त्यात सभागृहातील एंगलबार्ट आणि मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत बसलेले त्यांचे सहकारी एकाच पडद्यावरील एकाच मजकुरावर काम करीत होते. त्या प्रात्यक्षिकाने पाहणारे थक्क झाले ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तितकी प्रसिद्ध नसलेली गोष्ट अशी की, कोणास काय पाहू द्यावे व काय लिहू द्यावे या प्रश्नाचा विचारही त्याच दशकात, अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, तितक्याच गांभीर्याने चालू होता. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून उभारलेल्या 'मल्टिक्स' या यंत्रणेत एकच संगणक अनेकांनी वापरावयाचा असल्यामुळे प्रत्येक दस्तऐवजासोबत एक यादी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. कोण वाचील आणि कोण लिहील हे त्या यादीत नावानिशी नमूद केलेले असे. आजच्या प्रत्येक 'शेअर'च्या चौकटीचे मूळ त्या यादीत आहे. पुढे १९७५ साली जेरोम साल्त्झर आणि मायकेल श्रोडर यांनी एका शोधनिबंधात या सर्व अनुभवाचे सार तत्त्वरूपाने मांडले. त्यातील दोन तत्त्वे माझ्या मते प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर लावण्याच्या योग्यतेची आहेत. कोणालाही त्याच्या कामापुरताच, त्याहून तसूभरही अधिक नाही, असा अधिकार द्यावा, हे एक. आणि मुळात दार बंद असावे व परवानगी हा त्यातील अपवाद असावा, म्हणजे चूक झालीच तर ती काम अडण्याच्या बाजूने होईल, गुपित फुटण्याच्या बाजूने होणार नाही, हे दुसरे.

तक्त्याचा इतिहास याहून वेगळ्या वाटेने गेला. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा 'व्हिझिकॅल्क' हा संगणकीय तक्ता १९७९ साली बाजारात आला, तो एका टेबलावरच्या एका यंत्रासाठी. तक्ता ही त्या काळी एका माणसाची वस्तू होती. ती दुसऱ्यास द्यावयाची तर चकती हातात द्यावी लागे, आणि देणाऱ्यास आपण काहीतरी देत आहोत याची जाणीव त्या कृतीतच होत असे. २००६ साली गूगलने जोनाथन रोशेल यांच्या कंपनीकडून घेतलेल्या तंत्रावर आपला ऑनलाईन तक्ता उभा केला, त्याच वर्षी 'रायटली' हे लेखनसाधनही विकत घेतले, आणि २०१२च्या एप्रिलमध्ये हे सारे 'ड्राईव्ह' या एका छपराखाली आणले. तेव्हापासून तक्ता 'देणे' ही कृतीच नाहीशी झाली. तक्ता आपल्या जागीच राहतो, फक्त त्याच्याकडे जाणारी वाट पाठविली जाते. आणि वाट पाठविताना काही देत असल्याची जाणीव मनास होत नाही.

या वाटेचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. ड्राईव्हमधील दस्तऐवजाशी माणसाचे चार प्रकारचे नाते असू शकते: नुसता पाहणारा, म्हणजे 'व्ह्यूअर', शेरा लिहू शकणारा 'कमेंटर', मजकूर बदलणारा 'एडिटर', आणि मालक. हे नाते दोन रीतींनी देता येते. एक तर माणसाच्या ईमेल पत्त्यावर, नावानिशी; अथवा लिंकवर, निनावी. नावानिशी दिलेला अधिकार त्या व्यक्तीस चिकटलेला असतो, तो तिच्याकडून परत घेता येतो, आणि तक्त्याच्या बदलांच्या इतिहासात तिचे प्रत्येक लेखन तिच्या नावावर नोंदले जाते. लिंकवर दिलेला अधिकार त्या अक्षरांना चिकटलेला असतो. ती अक्षरे ज्या गटात गेली, तेथून ज्या दुसऱ्या गटात गेली, ज्याच्या मोबाईलवर उतरली आणि तो मोबाईल पुढे ज्याला विकला गेला, त्या सर्वांना तोच अधिकार पोचतो. असा लिंकवरून निनावी आलेला मनुष्य पडद्यावर 'अनॉनिमस' म्हणून, एखाद्या प्राण्याच्या नावाने दिसतो. त्याने ओळ खोडली तर ती कोणी खोडली हे त्या इतिहासातून कळत नाही.

लिंक म्हणजे गुप्त खूण, ती ज्याला सांगितली त्यालाच ठाऊक असणार, असा एक समज सर्वत्र आढळतो. जुलै २०१८ मध्ये रशियातील 'यांडेक्स' या शोधयंत्रावर अनेकांचे गूगल दस्तऐवज, ज्यांची लिंक कोठेतरी सार्वजनिक जागी पोचली होती असे, शोधाच्या उत्तरांत दिसू लागले, आणि त्यांत लोकांचे पासवर्ड लिहिलेली टिपणेही सापडली. कोणी कुलूप फोडले नव्हते. दारे उघडीच होती. फक्त रस्त्यावरून आजवर कोणी गेले नव्हते.

संपादकाच्या अधिकाराबाबत आणखी एक बारकावा आहे, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मालकाने वेगळी खूण केली नाही तर प्रत्येक संपादक इतरांना आत घेऊ शकतो आणि वाटही बदलू शकतो. म्हणजे लिहिण्याचा अधिकार देताना आपण बहुधा अधिकार वाटण्याचा अधिकारही देऊन बसतो. 'शेअर'च्या चौकटीत वरच्या कोपऱ्यात दातेरी चक्राचे चिन्ह असते, त्याच्या आत ही मुभा काढून घेण्याची सोय आहे. पाहणाऱ्यांना प्रत काढणे, छापणे व उतरवून घेणे यांची मनाई करण्याची सोयही तेथेच आहे. परंतु त्या मनाईवर फार विसंबून राहू नये. पडद्याचे छायाचित्र घेणाऱ्यास ती अडवू शकत नाही, आणि एकदा कोणी स्वतःची प्रत काढली म्हणजे त्या प्रतीचा मूळ तक्त्याशी संबंध तुटतो. मूळ तक्त्याचे दार नंतर लावले तरी ती प्रत बाहेरच राहते. फोल्डरचेही असेच. सामायिक फोल्डरात ठेवलेला प्रत्येक नवा कागद त्या फोल्डरच्या यादीतील सर्वांना आपोआप खुला होतो, आणि घाईच्या वेळी कागद कोठे ठेवतो आहोत याचा विचार सहसा होत नाही.

महाराष्ट्राच्या दप्तरी परंपरेला हे प्रश्न परके नाहीत, आणि तिच्याकडे पाहिल्यावाचून या विषयाचा विचार पुरा होणार नाही असे मला वाटते. शिवकालीन पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' या अक्षरांची जी लहान मोर्तब उमटविलेली आढळते, तिचे कार्य मजकुराची मर्यादा दाखविण्याचे होते. तिच्यापुढे कोणी एखादे कलम घुसडले तर ते मोर्तबेच्या बाहेर पडून उघड होई. पत्र वाचावयास अनेकांच्या हाती जावयाचे, पण लिहिणे येथे संपले, अशी ती राजमुद्रेइतकीच अधिकृत घोषणा होती. वाचण्याचा अधिकार आणि लिहिण्याचा अधिकार या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत ही जाण त्या दप्तरात पक्की होती.

आजही आपल्या गावोगावी ती जाण एका रूपाने जिवंत आहे. सातबाराचा उतारा कोणीही पाहावा, ऑनलाईन पाहावा, अशी सोय आहे. पण त्यातील नाव बदलावयाचे असेल तर प्रथम तलाठ्याने, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद धरावी, हितसंबंधितांस नोटीस काढावी, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी, आणि मग मंडळ अधिकाऱ्याने ती नोंद प्रमाणित करावी, असा १९६६च्या जमीन महसूल संहितेतील क्रम आहे. नोंद धरणारा व ती मंजूर करणारा एकच नसतो. शिवाय ज्याचे नाव बदलावयाचे आहे त्या ओळीतल्या माणसाला बोलण्याची संधी या व्यवस्थेने दिलेली आहे. तिच्यात दिरंगाई आहे, आणि तिचे अनुभव अनेकांना कडू आले आहेत, हे मी नाकारीत नाही. पण ज्या समाजाने एका गुंठ्याच्या नोंदीसाठी इतकी तटबंदी उभारली, त्याच समाजाने आपल्या मुलांच्या जन्मतारखा, जाती आणि बँकखाती एका निनावी लिंकवर मोकळी सोडावीत, ही विसंगती मला अस्वस्थ करते.

तक्त्यातील काही भाग झाकून ठेवला म्हणजे तो सुरक्षित झाला, हा दुसरा घातक समज होय. स्तंभ लपविता येतो, पान लपविता येते, एखाद्या क्षेत्रास संरक्षण देऊन तेथे ठराविक व्यक्तींनीच लिहावे असे ठरविता येते. आणि या सोयी आपल्या जागी उपयुक्त आहेत, कारण सूत्रांवर चुकून हात पडू नये एवढ्यासाठीच त्या आहेत. गुप्ततेचे साधन म्हणून त्यांवर विसंबू नये, संरक्षित पानाचीही प्रत काढता येते, असे खुद्द गूगलच्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितले आहे. लपविलेले पान तक्त्यात असतेच. ते फक्त डोळ्यांआड असते.

याची किंमत किती मोठी असू शकते हे उत्तर आयर्लंडमध्ये दिसून आले. तेथील पोलीस दलाकडे कोणी माहितीच्या कायद्यान्वये कोणत्या हुद्द्यावर किती माणसे आहेत एवढेच विचारले होते. ८ ऑगस्ट २०२३ रोजी दलाने उत्तरादाखल एक तक्ता दिला, आणि तो एका संकेतस्थळावर सर्वांसमोर आला. त्या तक्त्यात आकड्यांच्या मागे एक पान लपलेले राहून गेले होते. त्यावर दलातील ९,४८३ अधिकारी व कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे आणि नेमणुकीच्या जागा होत्या. काही तासांत तो तक्ता काढून घेण्यात आला, पण तोवर माहिती बाहेर पडली होती, आणि ती सशस्त्र प्रजासत्ताकवादी गटांच्या हाती पडल्याचे पोलीस दलास पुढे मान्य करावे लागले. ज्या प्रदेशात पोलिसाने आपला व्यवसाय शेजाऱ्यांपासूनही लपवून ठेवावा अशी पिढ्यान्‌पिढ्यांची परिस्थिती आहे, जेथे मोटारीखाली स्फोटक लावले नाही ना हे रोज सकाळी वाकून पाहण्याची सवय अधिकाऱ्यांना लागलेली आहे, तेथे या एका लपलेल्या पानाचा अर्थ काय होता हे सांगावयास नको. पुढे २०२४ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी त्या दलास साडेसात लाख पौंडांचा दंड केला.

त्याहूनही भयंकर प्रकरण ब्रिटनच्या संरक्षण खात्याचे. अफगाणिस्तानात ब्रिटिश फौजांसोबत काम केलेल्या व तालिबानच्या भीतीने आश्रय मागणाऱ्या लोकांच्या अर्जांचा एक तक्ता फेब्रुवारी २०२२ मध्ये खात्यातील एकाने ईमेलने बाहेर पाठविला. आपण सुमारे दीडशे ओळी पाठवीत आहोत अशी पाठविणाऱ्याची समजूत होती. प्रत्यक्षात त्यात सुमारे १८,७०० अर्जदारांची माहिती होती. दीड वर्षाने, ऑगस्ट २०२३ मध्ये, त्यातील काही अंश फेसबुकवर दिसला, तेव्हा खात्यास या गळतीचा पत्ता लागला. मग न्यायालयाने असा मनाईहुकूम दिला की गळतीची बातमी तर देऊ नयेच, पण असा हुकूम आहे हेही सांगू नये. तो हुकूम १५ जुलै २०२५ रोजी उठला. मधल्या काळात हजारो अफगाण माणसे, ज्यांचा जीव त्या ओळींवर टांगलेला होता, आपले नाव फुटले आहे हे न जाणताच दिवस काढीत होती. ती माणसे त्या तक्त्यात पाहणारी नव्हती, शेरा देणारी नव्हती, संपादक नव्हती. ती केवळ मजकूर होती.

आपल्याकडे याच साधनाने लोकांचे प्राणही वाचविले आहेत, आणि ते न सांगता पुढे जाणे अन्यायाचे होईल. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, कोणत्या रुग्णालयात खाट मोकळी आहे, प्राणवायूचे नळकांडे कोठे भरून मिळेल, कोणाचा प्लाझ्मा कोणास चालेल, याच्या याद्या मुंबई-पुण्यापासून देशभरच्या तरुण स्वयंसेवकांनी सामायिक तक्त्यांवर उभ्या केल्या. सरकारी फलक जेथे जुन्या माहितीवर अडून राहत, तेथे या तक्त्यांत रात्री दोन वाजतासुद्धा कोणीतरी दूरध्वनी करून खात्री करीत असे आणि ओळीसमोर वेळ घालून 'खात्री केली' असे लिहीत असे. ज्या गटांनी थोड्याच अनुभवानंतर लिहिण्याचा अधिकार मोजक्या, परस्परांस ओळखणाऱ्या माणसांकडे ठेवला, बाकी सर्वांस तक्ता वाचण्यापुरता खुला ठेवला, आणि नवी माहिती फॉर्ममधून मागविली, त्यांचेच तक्ते टिकले. ज्यांनी सद्भावनेने सर्वांना सर्व काही खुले केले, त्यांच्या ओळी खोट्या क्रमांकांनी आणि औषधांच्या काळ्या बाजारवाल्यांनी भरून गेल्या. मदतीसाठी सर्वांसमोर मांडलेल्या क्रमांकांवर स्त्रियांना अश्लील संदेश आल्याची वृत्तेही त्याच दिवसांतली. संकटात मोकळेपणा हवाच होता. परंतु खाटांची संख्या जगजाहीर करणे ही एक गोष्ट, आणि रुग्णाच्या मुलीचा क्रमांक जगजाहीर करणे ही दुसरी, हा विवेक धावपळीत करणारा कोणीतरी हवा होता.

असा विवेक करणाऱ्यास जुन्या दप्तरात दप्तरदार म्हणत, आणि आजच्या प्रत्येक सामायिक तक्त्यास तो पुन्हा नेमावयास हवा, हेच माझे मुख्य सांगणे आहे. त्याचे काम तांत्रिक नाही. तक्ता उघडण्यापूर्वी त्याने असा प्रश्न विचारावा की हा स्तंभ खरोखर लागणार आहे काय. कारण जो स्तंभ मागितलाच नाही तो फुटण्याची भीतीच नाही. शाळांच्या उदाहरणातले दुखणे तर तक्त्याऐवजी फॉर्म वापरल्याने निम्म्याहून अधिक बरे होते. फॉर्ममध्ये प्रत्येक मुख्याध्यापक स्वतःच्या शाळेची माहिती भरतो, दुसऱ्या शाळेची ओळ त्याला दिसत नाही, मग ती बिघडविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि एकत्र झालेला तक्ता फक्त दप्तरदाराच्या खात्यात राहतो. वरिष्ठांस गोषवारा हवा असेल तर गोषवाऱ्याची वेगळी फाईल करून तीच द्यावी. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. एका तक्त्यातून दुसऱ्यात माहिती ओढणारे 'इंपोर्टरेंज' हे सूत्र अशा कामास फार सोयीचे आहे. परंतु एकदा त्यास परवानगी दिली की दुसऱ्या तक्त्याचा कोणताही संपादक मूळ तक्त्याच्या कोणत्याही भागातून माहिती ओढू शकतो. म्हणून गोषवारा घेणाऱ्यास पाहण्यापुरताच अधिकार असावा, अथवा आकडे हाताने उतरवून द्यावेत.

मालकीचा प्रश्न याहून कठीण. व्यक्तीच्या खाजगी खात्यात केलेला तक्ता त्या व्यक्तीचाच राहतो, मग तो सरकारी कामाचा असो वा सहकारी गृहसंस्थेच्या देखभाल खर्चाचा. ती व्यक्ती बदलून गेली, निवृत्त झाली, तरी मालकी तिच्याकडेच. ती दुसऱ्यास द्यावयाची तर तिनेच द्यावी लागते आणि घेणाऱ्याने स्वीकारावी लागते. दोन वर्षे न वापरलेली खाजगी खाती बंद करून त्यांतील सर्व मजकूर काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ साली जाहीर केले आहे. तेव्हा गुरुजींच्या निवृत्तीनंतर काही काळाने त्यांच्या खात्यासोबत शाळेच्या दहा वर्षांच्या नोंदी नाहीशा होणे ही कल्पनेतली आपत्ती राहिलेली नाही. संस्थांसाठी असलेल्या खात्यांत 'शेअर्ड ड्राईव्ह' ही सोय आहे, तीत कागद व्यक्तीचा नसून संस्थेचा असतो आणि माणसे आली-गेली तरी तो जागेवर राहतो. जेथे ती नाही तेथे निदान पदाच्या नावाचे एक खाते काढावे आणि कार्यभार सोपविताना किल्ल्या, शिक्के आणि रोकडवही यांच्यासोबत त्या खात्याचा उल्लेखही कार्यभार-अहवालात करावा.

अधिकार देणे सोपे आहे, काढून घेणे अवघड. तांत्रिकदृष्ट्या नव्हे, मनाने. बदलून गेलेल्या सहकाऱ्याचे नाव यादीतून काढणे हा त्याच्यावरील अविश्वास वाटतो, आणि आपल्या भिडस्त स्वभावात ते राहून जाते. एका गृहसंस्थेच्या चिटणिसांनी यावर केलेला उपाय मला फार समंजस वाटला. संस्थेच्या वार्षिक सभेनंतर ते सर्व सामायिक कागदांवरील सर्वांचे, स्वतःचेही, लिहिण्याचे अधिकार काढून टाकतात आणि नव्या समितीच्या नावांवर नव्याने देतात. त्यामुळे कोणा एकाला वगळल्याचा प्रसंगच येत नाही. कंपन्यांच्या व शाळांच्या काही खात्यांत अधिकारास मुदतीची तारीख घालता येते, तिचाही उपयोग करावा. लेखापरीक्षकास एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतच तक्ता लागत असेल, तर ऑक्टोबरात तो त्याच्यापुढे उघडा असण्याचे कारण नाही.

कायदाही आता या बाजूने उभा राहत आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले; २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने अंमलात येत आहेत. माहितीच्या रक्षणात कसूर करणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे, आणि शासनाच्या कामांना दिलेल्या सवलतीही आहेत. त्या सवलती फार रुंद आहेत असे माझे मत आहे. पण त्या अधिनियमात आणखी एक हक्क आहे, आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. संमतीच्या आधारावर घेतलेल्या माहितीपुरते का होईना, ज्याची ती माहिती आहे त्याने विचारले तर ती कोणाकोणास दिली हे सांगावे लागेल. उद्या खाजगी शिकवणीत मुलगी घालणारी एखादी आई वर्गाच्या कार्यालयात येऊन, माझ्या मुलीचे नाव ज्या तक्त्यात आहे तो कोण कोण पाहतो ते सांगा, असे विचारू शकेल. लिंकवर मोकळ्या सोडलेल्या तक्त्याविषयी या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही यंत्रातून निघत नाही. नावानिशी अधिकार दिलेल्या तक्त्याविषयी ते 'शेअर'च्या चौकटीत ओळीने लिहिलेले असते, आणि बाई, ही घ्या यादी, असे म्हणून ते छापून तिच्या हाती देता येते. शासनाच्या शाळेत जाणाऱ्या मुलीच्या आईलाही हेच उत्तर मिळावे यासाठी सवलत आड येण्याचे कारण नाही. त्यासाठी शिक्षण खात्याचे एक परिपत्रक पुरेल, आणि त्यात प्रत्येक तक्त्याच्या दप्तरदाराचे नाव, तक्ता बंद करण्याची तारीख आणि लिंकवर लिहिण्याचा अधिकार देण्यास मनाई एवढी तीन कलमे असली तरी पुढच्या जूनपूर्वी काम सुरू होऊ शकेल.